ज्या शर्यतीला ‘उद्या’ नसतो

वाऱ्याच्या तोंडावर सायकल चालविण्याचा प्रसंग केव्हा ना केव्हा आपल्यापैकी बहुतेकांवर आलेला असतो. रस्ता सपाट असतो, सायकलीला नुकतेच तेलपाणी केलेले असते, पायांतही पुरेसे बळ असते. पण चाक काही केल्या पुढे सरकत नाही. कोणी अदृश्य हाताने आपली छाती मागे रेटीत आहे असा भास होतो. इतक्यात एखादा धिप्पाड सायकलस्वार आपल्याला मागे टाकून पुढे जातो, आपण नकळत त्याच्या मागच्या चाकाला लागतो, आणि काय आश्चर्य! वारा एकाएकी पडल्यासारखा वाटतो, पाय हलके होतात, श्वास ताळ्यावर येतो. पुढे तो गृहस्थ आपल्या वाटेने वळून जातो, आणि तोच वारा पुन्हा आपल्या अंगावर येऊन आदळतो.

हा अगदी घरगुती अनुभव आहे. पण वाचकहो, तो ध्यानात असू द्या. युरोपात लक्षावधी लोक दरवर्षी ज्या शर्यती श्वास रोखून पाहतात, त्यांचे सारे नाट्य या एवढ्याशा गोष्टीवर उभे आहे. पुढे जाणारा वारा फोडतो आणि मागून येणारा त्या आडोशाला सुखाने राहतो. जो अधिक कष्ट करतो तोच आपल्या प्रतिस्पर्ध्याला विश्रांती देतो. धावण्याच्या वा पोहण्याच्या शर्यतीत सहसा सर्वांत बलवान तो पहिला येतो. सायकलच्या शर्यतीत मात्र बलवानाला आपले बळ केव्हा आणि कोणासाठी खर्च करावे हे ठरवावे लागते, आणि हा निर्णय चुकला की त्याच्याहून दुबळा मनुष्य त्याच्या डोळ्यांदेखत पुढे निघून जातो.

या खेळाचे दोन मोठे प्रकार आहेत. ‘टूर द फ्रान्स’चे नाव आपण ऐकलेच असेल. ती शर्यत तीन आठवडे चालते, तिचे एकवीस टप्पे असतात, आणि आज गमावलेले मिनिट उद्या किंवा परवा डोंगरात भरून काढता येते. दुसरा प्रकार एका दिवसाच्या शर्यतीचा. सकाळी निघायचे, अडीचशे किलोमीटरांहून अधिक मजल मारायची आणि संध्याकाळ होण्यापूर्वी निकाल लावून मोकळे व्हायचे. येथे उद्या नाही. आज जे शिल्लक राहिले ते वाया गेले, आणि आज जे वेळेआधी संपले ते कोणी उसने देणार नाही. या प्रकारात पाच शर्यती सर्वांत मानाच्या समजल्या जातात. इटलीतील मिलान-सान रेमो व लोंबार्दिया, बेल्जममधील फ्लँडर्सची शर्यत व लिएज-बास्तोन-लिएज, आणि फ्रान्समधील पॅरिस-रूबे. अशी शर्यत पाहावी कशी आणि तिच्यात पाहण्याजोगे काय असते, हे समजून घेण्यासाठी आपण या पाचांपैकी शेवटच्या शर्यतीबरोबर एक दिवस प्रवास करू.

गिरणीवाल्यांनी मांडलेला खेळ

रूबे हे फ्रान्सच्या उत्तर सीमेजवळील, बेल्जमला लागून असलेले शहर. एकोणिसाव्या शतकात ते लोकरीच्या व कापडाच्या गिरण्यांनी गजबजलेले होते. तेथील तेओदोर व्हिएन व मोरिस पेरेझ या दोन गिरणीमालकांनी सायकलींच्या शर्यतींसाठी एक क्रीडांगण बांधले, आणि त्याचा बोलबाला व्हावा म्हणून पॅरिसहून निघून आपल्या गावात संपणारी शर्यत त्यांनी सुचविली. ती पहिल्यांदा १८९६ साली झाली. अंतर होते सुमारे २८० किलोमीटर, आणि पहिला आला तो योसेफ फिशर नावाचा जर्मन.

पहिल्या महायुद्धात याच प्रदेशात खंदक खणले गेले, गावेच्या गावे जमीनदोस्त झाली, झाडांचे नुसते खुंट उरले. १९१९ साली शर्यत पुन्हा सुरू करण्यापूर्वी काही पत्रकार व संयोजक वाट कशी आहे ते पाहण्यास गेले. तेथे जे दिसले त्याचे वर्णन त्यांनी ‘उत्तरेचा नरक’ या शब्दांत केले. पुढे गावे पुन्हा वसली, शेते हिरवी झाली. पण ते नाव शर्यतीला कायमचे चिकटले. आज ते नाव ऐकून लोकांना रस्त्यावरचे दगड आठवतात. मुळात ते युद्धाच्या जखमेचे नाव होते.

सध्या ही शर्यत पॅरिसमधून निघत नाही. १९७७ सालापासून ती पॅरिसच्या उत्तरेस असलेल्या कोंपिएन्य या गावाहून निघते. एप्रिल महिन्यातील एका रविवारी सुमारे पावणेदोनशे सायकलपटू, सात-सात जणांचे संघ करून, तेथील चौकात जमतात. पुढे सुमारे २६० किलोमीटरांचा रस्ता पसरलेला असतो. त्यांपैकी सुमारे ५५ किलोमीटर घडीव दगडांच्या जुन्या फरसबंदीचे असतात, आणि ही फरसबंदी एकसलग नसून तिचे तीसेक तुकडे वाटेवर विखुरलेले असतात.

पहिले दोन तास

नवख्या प्रेक्षकाला पहिले दोन तास कंटाळवाणे वाटतात. रस्ता गुळगुळीत असतो, मोठा जथा एखाद्या मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पुढे सरकत असतो, आणि दहा-पंधरा अनोळखी वीर त्याच्यापुढे काही मिनिटांच्या अंतरावर निघून गेलेले असतात. नामवंत खेळाडू मात्र मागे निवांत दिसतात. मग पुढे गेलेल्यांना ते पकडत का नाहीत?

याचे उत्तर मघाच्या वाऱ्यात आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. तासाला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मनुष्याची बहुतेक शक्ती केवळ हवा बाजूस सारण्यातच खर्च होते. दुसऱ्याच्या मागे राहणाऱ्याची सुमारे एकतृतीयांश शक्ती वाचते, आणि मोठ्या जथ्याच्या पोटात असणाऱ्याची तर त्याहूनही अधिक. पुढे गेलेले दहा जण दिवसभर आळीपाळीने वारा खातात. मागचे दीडशे जण त्यांच्या खर्चाकडे पाहत आपले धन राखून ठेवतात. हवे तेव्हा वेग वाढवून आपण त्यांना गाठू, असा त्यांचा हिशेब असतो.

हा हिशेब आपल्यालाही मांडता येतो, आणि तो मांडू लागलो की तेच दोन तास एकदम जिवंत होतात. रोबेर शापात हा पूर्वाश्रमीचा सायकलपटू पुढे फ्रान्सच्या दूरचित्रवाणीवर शर्यतींचे वर्णन करीत असे. त्याच्या नावाने एक ठोकताळा प्रसिद्ध आहे : पाठलाग करणारा जथा दर दहा किलोमीटरांमागे पुढच्याचे एक मिनिट खातो. म्हणजे तीस किलोमीटर उरले असता पुढच्या तुकडीजवळ चार मिनिटे असतील तर तिला आशा आहे. दोनच असतील तर नाही. आपल्या मुलांच्या हाती कागद-पेन्सिल द्या आणि पडद्यावर दिसणारे अंतर व मिनिटे त्यांना मांडू द्या. शाळेतले त्रैराशिक इतके रंगतदार असू शकते हे त्यांनाही ठाऊक नसेल. आणि गंमत अशी की, हा ठोकताळा पॅरिस-रूबेत पुष्कळदा खोटा ठरतो. कारण वाटेत ते दगड असतात.

ज्यांचे नाव निकालात नसते

दगडांपाशी पोहोचण्यापूर्वी आणखी एका मंडळींकडे लक्ष द्या. प्रत्येक संघातील सात जणांपैकी एक किंवा दोघेच जिंकण्यासाठी आलेले असतात. उरलेले त्यांच्यासाठी राबतात. मागच्या मोटारीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या अंगरख्यात कोंबून आणणे, नायकाला आपल्या पाठीमागे घेऊन वाऱ्यापासून जपणे, निर्णायक वळणापूर्वी त्याला जथ्याच्या अग्रभागी नेऊन सोडणे, आणि त्याचे चाक निकामी झाले तर आपले चाक काढून देऊन स्वतः रस्त्याच्या कडेला उभे राहणे, ही त्यांची कामे. फ्रेंच भाषेत अशा खेळाडूला जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ ‘घरगडी’ असा होतो. प्रथम तो शब्द हेटाळणीचा होता. आज त्यात आदर आहे. जिंकलेल्या बक्षिसाची रक्कम नायकाने या सोबत्यांत वाटून द्यावी, असा जुना प्रघात आहे.

म्हणून सर्वांत पुढे कोण आहे एवढेच पाहून भागत नाही. कोणत्या नायकाजवळ अजून किती सोबती शिल्लक आहेत हे मोजा. शंभर किलोमीटर उरले असताना ज्याच्या भोवती चार गडी आहेत तो श्रीमंत, आणि जो एकटा पडला तो कितीही बलवान असला तरी संकटात आहे. त्याचा प्रत्येक पाठलाग त्याला स्वतःच करावा लागेल.

दगडांची वाट

सुमारे शंभर किलोमीटर झाले की पहिली फरसबंदी येते, आणि सारा खेळ पालटतो. हे दगड नगरातील सजविलेल्या चौकातील फरशांसारखे नव्हेत. शेतातील बीट वाहून नेणाऱ्या गाड्यांसाठी आणि खाणींच्या वर्दळीसाठी पूर्वी घातलेले हे रस्ते. दगडांच्या कडा झिजलेल्या, सांधे उघडे पडलेले, मधला माथा उंच आणि दोन्ही बाजू खचलेल्या. उन्हाळी हवा असेल तर धुळीचा लोट उठतो आणि पुढच्याचे चाक दिसत नाही; पाऊस असेल तर त्याच दगडांवर साबण फासल्यासारखा चिखल होतो. अनुभवी खेळाडू मधल्या माथ्यावरून जातो, हँडल घट्ट न आवळता हलक्या हाताने धरतो, आणि वेग कमी होऊ देत नाही. कारण वेगात चाक दगडांवरून तरंगत जाते, आणि वेग मंदावला की प्रत्येक दगड स्वतंत्रपणे तडाखा देतो.

या तुकड्यांना उलट क्रमाने आकडे दिलेले असतात. प्रथम तिसाच्या आसपासचा आकडा येतो, मग तो उतरत उतरत एकावर येतो. प्रत्येकाला अवघडपणानुसार एक ते पाच तारका असतात. पाच तारकांचे तीन मुख्य तुकडे आहेत : आरेंबर्गचे अरण्य, मॉन्स-आँ-पेव्हेल आणि कारफूर द लार्ब्र. ही तीन नावे लक्षात ठेवली तरी शर्यतीचा नकाशा आपल्या मनात उभा राहील. पहिल्यावर शर्यत हरता येते, दुसऱ्यावर दुबळे गळतात, आणि रूबे अवघे सतरा-अठरा किलोमीटर उरले असता तिसऱ्यावर बहुधा निकाल ठरतो.

फरसबंदी अरुंद असते. एका वेळी दोन-तीनच सायकली नीट जाऊ शकतात. म्हणून तेथे पोहोचण्यापूर्वीची धडपड हे या शर्यतीतील सर्वांत थरारक दृश्य असते. शंभर जणांना पहिल्या दहांत शिरायचे असते. खांद्याला खांदा घासतो, कोपर कोपरावर आपटते. मागे राहिलेल्याच्या पुढे कोणी पडला तर त्याचा रस्ताच बंद होतो. मुंबई-पुणे सायकल शर्यत बोरघाटात उभे राहून ज्यांनी पाहिली असेल त्यांना चढ लागण्यापूर्वीची ती धांदल आठवेल. पण घाटात दुबळा मनुष्य हळूहळू मागे पडतो. येथे सारे काही एका क्षणात घडते.

आरेंबर्गची कथा सांगण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात फ्रान्समधील एकेक जुना रस्ता डांबरी होऊ लागला. गावकऱ्यांना ते हवेच होते. पण शर्यतीचा प्राण जाऊ लागला. संयोजक नव्या दगडी वाटांच्या शोधात होते, तेव्हा झाँ स्ताब्लिन्स्की याने त्यांना ही जंगलातील सरळ वाट दाखविली. १९६२ सालचा हा जगज्जेता सायकलपटू पोलंडहून आलेल्या कुटुंबातला होता, आणि तरुणपणी त्याने त्याच अरण्याखालच्या कोळशाच्या खाणीत काम केले होते. १९६८ साली ही वाट शर्यतीत आली. जिच्या पोटात तो राबला त्याच भूमीवरून तो शर्यतीत धावला. पुढे त्या भागातील खाणी एकामागून एक बंद पडल्या. १९९० साली शेवटची खाणही थांबली. आज त्या दगडांची देखभाल करण्यासाठी शर्यतीच्या चाहत्यांची एक संस्था झटते, निखळलेले दगड पुन्हा बसविते. एकेकाळी जी वाट मागासलेपणाची खूण म्हणून लोकांना नकोशी झाली होती, तीच आता वारसा म्हणून जपली जाते. आणि जो जिंकतो त्याला बक्षीस म्हणून सोन्याचांदीचा चषक मिळत नाही. त्याच वाटेवरचा एक दगड पीठावर बसवून त्याच्या हाती देतात.

दैवाचा वाटा

इतका हिशेब सांगितला, तरी या शर्यतीत हिशेबाबाहेरचेही पुष्कळ असते. १९८१ साली बर्नार इनो हा त्या वेळचा जगज्जेता येथे उतरला. ही शर्यत त्याला मुळीच आवडत नसे आणि ते तो उघडपणे बोलून दाखवी. त्या दिवशी तो अनेकदा पडला. अखेरच्या टप्प्यात तर एक लहानसे कुत्रे त्याच्या चाकाखाली आले. तो उठला, पुढच्यांना गाठले आणि जिंकला. २००६ साली फाबियन कान्सेलारा पुढे निघून गेला असता त्याच्या मागावर असलेल्या तिघांनी बंद झालेले रेल्वेचे फाटक ओलांडले. रूबेला ते दुसरे, तिसरे व चौथे आले. पण नियमभंगाबद्दल तिघांचीही नावे निकालातून काढून टाकण्यात आली. २०२३ साली वाउट व्हान आर्ट आणि मात्यू व्हान देर पूल हे दोघे कारफूर द लार्ब्रवर अखेरच्या झुंजीला भिडले, आणि नेमक्या त्याच क्षणी व्हान आर्टच्या चाकातील हवा गेली. व्हान देर पूल एकटाच रूबेला पोहोचला. पुढील दोन वर्षेही तोच जिंकला.

वेगळ्या कारणाने स्मरणात राहिलेले वर्ष म्हणजे १९४९. आंद्रे माए हा पुढच्या तुकडीतील खेळाडू रूबेच्या क्रीडांगणापाशी आला असता त्याला चुकीच्या दिशेने पाठविण्यात आले. तो आडमार्गाने मैदानात शिरला आणि पहिला आला. मागून योग्य वाटेने आलेल्यांत अग्रभागी होता सेर्से कॉप्पी, महान इटालियन खेळाडू फाउस्तो कॉप्पीचा भाऊ. ज्याचा दोष नव्हता त्याचे यश काढून घ्यावे, की ज्याने नेमलेली वाट पुरी केली त्याला डावलावे? कित्येक महिने वाद चालला, आणि अखेर दोघांनाही विजेते ठरविण्यात आले.

पण दैव म्हणून सारेच हसण्यावारी नेता येत नाही. १९९८ साली योहान म्युझेव हा बेल्जमचा खेळाडू आरेंबर्गच्या दगडांवर कोसळला. त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली, जखम चिघळली आणि पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली. दोन वर्षांनी, २००० साली, तो रूबेच्या मैदानात एकटा शिरला आणि शेवटच्या रेषेवर त्याने आपला पाय उचलून तो गुडघा लोकांना बोटाने दाखविला. त्या दृश्याने सारे मैदान उठून उभे राहिले. मात्र पुढे आपण निषिद्ध उत्तेजक द्रव्ये घेतली होती अशी कबुली याच म्युझेवने दिली. या खेळाचे गुण सांगताना त्याचा हा कलंक झाकून ठेवणे बरे नव्हे. त्याने खेळाला लाज आणली आहे आणि प्रेक्षकाच्या कौतुकात एक शंका कायमची पेरून ठेवली आहे.

शत्रूशी केलेला करार

आता रूबे जवळ आले आहे. जथ्याचे तुकडे झाले आहेत, आणि समजा, पुढे पाच जण उरले आहेत. येथे एका दिवसाच्या शर्यतीतील सर्वांत सूक्ष्म नाटक सुरू होते. मागून पाठलाग होत आहे. पाचांनी एकमेकांना मदत करून आळीपाळीने वारा घेतला तरच ते निसटणार. पण प्रत्येकाला आपण थोडे कमी आणि दुसऱ्याने थोडे अधिक कष्ट करावे असे वाटते. सर्वांनीच असा विचार केला तर सगळेच बुडाले. ज्याचे पाय अखेरच्या झेपेत वेगवान आहेत तो मैदानापर्यंत सर्वांना एकत्र ठेवू पाहतो. ज्याला तशी झेप जमत नाही त्याला आधीच केव्हातरी सर्वांना झटकून एकट्याने पळावे लागते. पळाला तर चौघे त्याच्या मागे लागणार. पण त्या चौघांपैकी पाठलागाचा भार कोणी उचलायचा? तो उचलील त्याची शक्ती जाईल आणि फायदा उरलेल्या तिघांचा होईल. क्षणभर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. तो क्षणच पळालेल्याचे भांडवल असते. हा क्षण ओळखता येऊ लागला की आपण खरे प्रेक्षक झालो असे समजावे.

अशाच पाच जणांची कथा २०१६ साली घडली. त्यांत टॉम बोनेन होता. चार वेळा ही शर्यत जिंकून त्याने रॉजर द व्हलामिंकच्या विक्रमाशी बरोबरी केली होती, आणि पाचव्या विजयासाठी तो आसुसलेला होता. त्याच तुकडीत होता मॅथ्यू हेमन, ३७ वर्षांचा ऑस्ट्रेलियन. सारी कारकीर्द त्याने दुसऱ्यांसाठी राबण्यात घालविली होती. मघाशी ज्यांना आपण घरगडी म्हटले त्यांपैकीच तो एक. ही शर्यत त्याला प्राणांहून प्रिय होती आणि ती त्याची पंधरावी खेप होती. शर्यतीपूर्वी काही आठवडे त्याच्या हाताचे हाड मोडले होते. रस्त्यावर जाता येईना, तेव्हा तो घरात एका जागी बसविलेल्या सायकलीवर पायडल मारीत राहिला. शर्यतीच्या दिवशी तो सकाळच्या त्या अनोळखी वीरांबरोबर पुढे निघाला. एरवी अशा लोकांना दुपारी जथा गिळून टाकतो. पण मागे पडझड झाली, पाठलाग विस्कटला, आणि बलाढ्य खेळाडू जेव्हा त्याच्यापर्यंत पोहोचले तेव्हा तो त्यांच्याबरोबर टिकून राहिला. शेवटच्या दगडांवर तो मागे पडला असे वाटले. तो पुन्हा येऊन मिळाला. पाचही जण मैदानात आले. अखेरच्या सरळ पट्टीवर हेमन पुढे होता आणि बोनेन त्याच्या मागे. रेषा ओलांडल्यावर जिंकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा अविश्वासच अधिक होता. पुढच्याच वर्षी याच शर्यतीनंतर बोनेन निवृत्त झाला. पाचवा विजय त्याला लाभला नाही.

बळाच्या दृष्टीने त्या दिवशी हेमनहून सरस असे निदान दहा-वीस खेळाडू रस्त्यावर असतील. पण बळ, वेळ आणि जागा यांचा मेळ एका दुपारी एकाच माणसाच्या वाट्याला आला. तीन आठवड्यांच्या शर्यतीत असे घडणे जवळजवळ अशक्य. तेथे दिवसामागून दिवस खरे बळ वर येतेच. एका दिवसाच्या शर्यतीत मात्र आयुष्यभर दुसऱ्यासाठी वारा फोडणाऱ्यालाही एक दार किंचित उघडे असते. ते दार उघडे आहे हे सर्वांना ठाऊक असते, म्हणूनच पाहणाऱ्याचा श्वास अडकतो.

शेवटचा दीड फेरा

रूबेचे क्रीडांगण उघड्यावरचे, सिमेंटचे आणि कडेला उंचावत गेलेले आहे. सहा तासांच्या हाणामारीनंतर खेळाडूंना त्यावर दीड फेरा घ्यावा लागतो. एकटा आला तर तो दीड फेरा म्हणजे त्याची मिरवणूक. दोघे-तिघे आले तर ते एकमेकांकडे पाहत, जवळजवळ रेंगाळत जातात. कारण येथेही जो आधी झेपावतो तो मागच्याला आडोसा देतो. मग एकाएकी सारे उसळतात. १९९० साली एडी प्लांकार्ट व स्टीव्ह बॉवर यांच्यातील अंतर एका सेंटिमीटरहूनही कमी भरले. छायाचित्र तपासून निकाल द्यावा लागला. १९९३ साली फ्रांको बालेरिनीने आपण जिंकलो अशा समजुतीने हात उंचावले, आणि छायाचित्राने सांगितले की ३८ वर्षांचा जिल्बेर द्युक्लो-लासाल आठ सेंटिमीटरांनी पुढे होता. बालेरिनीने हार मानली नाही. १९९५ आणि १९९८ अशी दोन वर्षे तो जिंकला.

स्त्रियांना मात्र या वाटेवर येण्यास फार काळ थांबावे लागले. पहिल्या शर्यतीनंतर तब्बल १२५ वर्षांनी, २०२१ साली, स्त्रियांची पहिली पॅरिस-रूबे झाली. पावसाने दगड निसरडे झाले होते. इंग्लंडची लिझी डाइग्नन पहिल्याच फरसबंदीपाशी पुढे निघाली आणि ऐंशीहून अधिक किलोमीटर एकटी धावून जिंकली. तिने हातमोजे घातले नव्हते. शर्यत संपली तेव्हा तिच्या हँडलवर रक्ताचे डाग होते. एकट्याने इतका लांबचा पल्ला मारणे हिशेबाला धरून नव्हते. पण मागच्या ज्यांनी तिला पकडावयाचे त्या एकमेकींकडे पाहत राहिल्या, आणि तेवढ्यात ती फार दूर गेली होती.

विजेता दगड उचलतो, छायाचित्रे घेतली जातात, आणि आपण दूरचित्रवाणी बंद करण्यास उठतो. जरा थांबा. मैदानात अजून माणसे येत आहेत. चिखलाने किंवा धुळीने ओळखू न येणारी, हात फाटलेली, नायकाला चाक देऊन मागे राहिलेली, तीसावी, साठावी, शंभरावी. काहींना ठरलेल्या वेळेत पोहोचणे जमत नाही आणि त्यांचा क्रमांकही लागत नाही. तरीही ती तो दीड फेरा पुरा करतात. मैदानाजवळच जुनी स्नानगृहे आहेत. सिमेंटच्या बुटक्या भिंतींनी केलेल्या त्या लहान लहान खणांवर एकेका विजेत्याच्या नावाची पितळी पट्टी बसविलेली आहे. दिवसभर वारा फोडून आलेला एखादा घरगडी तेथे कोणा महावीराच्या नावाखाली उभा राहून अंगावरचा चिखल धुतो.

पुढच्या एप्रिलमध्ये सवड मिळाली तर ही शर्यत अवश्य पाहा, आणि शक्य तर घरातील सर्वांनी मिळून पाहा. प्रत्येकाने एकेक खेळाडू निवडावा. पण तो नामवंतांतून न निवडता सकाळी पुढे निघून गेलेल्या त्या अनोळखी दहा-पंधरांतून निवडावा. मग पडद्यावरची मिनिटे मोजीत बसा. बहुधा दुपारपर्यंत जथा त्याला गाठील आणि आपली निराशा होईल. पण एखाद्या वर्षी तो गाठणार नाही, आणि त्या वर्षीची दुपार आपल्या घरात दीर्घकाळ सांगितली जाईल.